बाजाराचा वार आधी, हॉटेल नंतर

या महिन्यात आलेली बरीच पत्रं युरोपच्या एकाच कोपऱ्याबद्दल आहेत: फ्रान्सचा नैऋत्य भाग आणि पिरनीज पर्वताला लागून असलेलं उत्तर स्पेन. पॅरिस आणि बार्सिलोना सोडून लहान गावं बघायची इच्छा अनेकांनी कळवली आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो आहोत.

आम्ही दोन जोडपी, चौघंही साठीच्या आसपास. नागपूरच्या मे महिन्यातून तेरा रात्री सुटका हवी आहे. नऊ गावं काढून ठेवली आहेत. जमते का?
– धरमपेठ

नऊ गावं जमत नाहीत. अंतरं लहान आहेत, अडचण सामानाची आहे. खोली सकाळी दहा-अकराला सोडावी लागते आणि नव्या गावात किल्ली चार-पाचच्या आधी मिळत नाही. घरगुती मुक्कामाच्या जागांना रिसेप्शन नसतं. मालकीणबाई पाच ते सात या वेळात तुमची वाट बघतात आणि उशीर होणार असेल तर फोनची अपेक्षा ठेवतात. लहान स्टेशनांवर सामान ठेवायची सोय बहुतेक नसतेच. म्हणजे प्रत्येक गाव बदलताना पाच तास बॅगांच्या राखणीत जातात. नऊ गावं म्हणजे असे नऊ दिवस.

त्यापेक्षा तीन मोठे मुक्काम करा आणि तिथून रोज कुठेतरी जाऊन परत या. मुक्काम ठरवताना आधी बाजाराचे वार बघा. या भागातल्या गावांचा जीव आठवडी बाजारात असतो. काटोलला किंवा उमरेडला बाजाराच्या दिवशी जाणं आणि इतर दिवशी जाणं यात जो फरक आहे, तोच इथेही आहे. सार्लाला बुधवारी आणि शनिवारी, सँ-जाँ-पिए-द-पोरला सोमवारी, सँ-जाँ-द-ल्यूझला मंगळवारी आणि शुक्रवारी, एस्पलेतला बुधवारी, स्पेनमधल्या तोलोसाला शनिवारी बाजार भरतो. खाण्यापिण्याचा बाजार मुख्यतः सकाळचा. साडेबारा-एकला बरीच पालं उठतात, म्हणून नऊला पोचायचं.

या वारांवर तुमच्या तेरा रात्री अशा बसतात. मंगळवारी बोर्डोत एक रात्र. बुधवारी गाडी घेऊन सार्ला, साधारण अडीच तास. तिथे चार रात्री. दोर्दोन्य नदीकाठची बेनाक, ला रोक-गाजाक, दोम ही गावं सार्लापासून अर्ध्या तासाच्या आत आहेत. शनिवारचा बाजार पूर्ण बघा आणि रविवारी बोर्डोला गाडी परत देऊन रेल्वेने सँ-जाँ-द-ल्यूझ गाठा. समुद्रकाठच्या या गावात चार रात्री. चौदाव्या लुईचं लग्न १६६० मध्ये इथल्याच चर्चमध्ये झालं. सोमवारी बायोनला रेल्वे बदलून सँ-जाँ-पिए-द-पोर, मंगळवारी गावातलाच बाजार, बुधवारी एस्पलेत. गुरुवारी सीमा ओलांडून ओन्दारिबियात तीन रात्री. त्यात शनिवारी तोलोसा येतं. रविवारी बिल्बाओत एक रात्र, सोमवारी परतीचं विमान. फ्रान्समध्ये नऊ रात्री, स्पेनमध्ये चार. हा हिशेब व्हिसाच्या उत्तरात पुन्हा लागेल.

या आखणीत एक खाच आहे. रविवारी लहान गावांतली भाड्याच्या गाड्यांची ऑफिसं बंद असतात. परत देण्याची जागा म्हणून बोर्डो विमानतळ निवडा. तिथून ट्रामने रेल्वे स्टेशनला जाता येतं. विमानाचं तिकीट जाण्या-येण्याचं एकाच शहराचं काढू नका. जाताना पॅरिस किंवा बोर्डो, येताना बिल्बाओ, असं काढलं की उलटा प्रवास वाचतो. पॅरिसहून बोर्डो वेगवान रेल्वेने दोन तासांच्या थोडं वर आहे. मात्र पहिल्यांदा उतरताना बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातात, रांग लांब असते. विमान उतरण्याची वेळ आणि रेल्वे सुटण्याची वेळ यांत किमान चार तास ठेवा. रेल्वेत प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी लावणं बंधनकारक आहे.

मे महिन्याबद्दल दोन गोष्टी. फ्रान्समध्ये १ मे आणि ८ मे सुट्ट्या असतात, शिवाय ईस्टरवर अवलंबून एक गुरुवार आणि एक सोमवार सुट्टीचा येतो. लोक त्यांना जोडून शनिवार-रविवार घेतात आणि या पट्ट्यातल्या खोल्या तेव्हा आधी संपतात. दुसरं, बास्क किनाऱ्यावर, म्हणजे सँ-जाँ-द-ल्यूझ ते बिल्बाओ या पट्ट्यात, पाऊस बाराही महिने पडतो, आणि वर्षभरात नागपूरपेक्षा जास्त पडतो. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, कारण वारा छत्री टिकू देत नाही.

फ्रान्समधून स्पेनमध्ये रेल्वे सरळ का जात नाही? नकाशावर तर रूळ जोडलेले दिसतात.
– अजनी

रूळ शेजारी आहेत, पण रुंदी वेगळी आहे. फ्रान्सच्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, स्पेनच्या जुन्या मार्गांचं १६६८. आपलं ब्रॉडगेज १६७६ आहे, म्हणजे स्पेनची जुनी गाडी आपल्या गाडीच्या फक्त आठ मिलिमीटर अलीकडे थांबते. म्हणून फ्रान्सची गाडी सीमेवरच्या आँदायला संपते, आणि तिथून पुढे प्रवाशांना तिसऱ्याच रुंदीची गाडी सोयीची पडते: बास्क प्रांताची मीटरगेज, एउस्कोत्रेन. आपल्या नागपूर–नागभीडच्या जुन्या नॅरोगेजपेक्षा रुंद आणि ब्रॉडगेजपेक्षा अरुंद. बोगदे इतके की लोक तिला ‘टोपो’ म्हणतात. टोपो म्हणजे जमिनीत बीळ करून राहणारा प्राणी.

आँदायच्या फ्रेंच स्टेशनातून बाहेर आलं की टोपोचं छोटं स्टेशन लगेच शेजारी दिसतं. अर्ध्या तासाला एक गाडी. सान सेबास्तियनच्या आमारा स्टेशनला सुमारे पाऊण तासात पोचवते. तिकीट यंत्रावर काढायचं आणि ते उतरेपर्यंत जपायचं, कारण बाहेर पडतानाही फाटकाला लावावं लागतं. सीमेवर फ्रेंच पोलीस कागद तपासतात, विशेषतः स्पेनहून फ्रान्सला येताना. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको.

ओन्दारिबियाला जाणाऱ्यांसाठी यापेक्षा छान वाट आहे. आँदायच्या समुद्राकडच्या बंदरातून बिदासोआ नदी ओलांडणारी छोटी नाव सुटते आणि दहा मिनिटांत स्पेनमध्ये उतरवते. पण हे बंदर रेल्वे स्टेशनपासून दोन किलोमीटरहून लांब आहे. मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी करा, किंवा टोपोने इरूनला उतरून बस धरा. याच नदीत, थोडं वर, फेझंट बेट आहे. फ्रान्स आणि स्पेन यांच्यातला १६५९ चा पिरनीजचा तह तिथे झाला. ते बेट आजही सहा महिने फ्रान्सचं आणि सहा महिने स्पेनचं असतं. वर जाऊ देत नाहीत, काठावरून दिसतं.

गावांची नावं प्रत्येक ठिकाणी वेगळी लिहिलेली दिसतात. चुकीचं तिकीट निघायची भीती वाटते.
– महाल

भीती रास्त आहे. बास्क भागात पाट्या दोन भाषांत असतात आणि बसवर कधी फक्त बास्क नाव असतं. सान सेबास्तियन म्हणजेच दोनोस्तिया, पाम्प्लोना म्हणजे इरुन्या, व्हितोरिया म्हणजे गास्तेइज. ही तीन पाठ करून जा.

याहून मोठे घोटाळे तिकीट काढताना होतात. बोर्डोच्या मुख्य स्टेशनाचं नावच सँ-जाँ आहे, शिवाय सँ-जाँ-द-ल्यूझ आणि सँ-जाँ-पिए-द-पोर ही दोन वेगळी गावं. नुसतं ‘सँ-जाँ’ टाइप करून पहिलं दिसेल ते निवडू नका. फ्रान्सच्या तुलूझ शहराला स्पॅनिशमध्ये तोलोसा म्हणतात, आणि बाजाराचं तोलोसा गाव वेगळं. बायोनचं बास्क नाव बायोना, पण त्याच नावाचं एक गाव स्पेनच्या पश्चिम टोकाला, पोर्तुगालजवळ आहे. हॉटेल बुक करताना पत्त्यातला प्रांत वाचा.

गाडी भाड्याने घ्यावीच लागते का? आणि आपलं लायसन्स चालते का?
– मनीषनगर

किनाऱ्यावर नको, दोर्दोन्यमध्ये हवी. सार्लाला रेल्वे जाते, पण नदीकाठच्या गावांना बस जवळजवळ नाही.

आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आरटीओच्या ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज करता येतो, शुल्क एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. तो एकटा चालत नाही, मूळ लायसन्स बरोबर लागतं. गाडी देताना अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवतात, आणि कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. मुलाचं कार्ड, वडिलांचं लायसन्स, अशा जोडीला काउंटरवरून परत पाठवतात. आपल्याला डाव्या हाताने गिअर बदलायची सवय असते; तिथे गाडी उजव्या बाजूने चालवायची आणि गिअर उजव्या हाताला. त्यामुळे ऑटोमॅटिक घ्या. त्या गाड्या कमी असतात, दोन-तीन महिने आधी बुक करा.

एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर परतीचं शुल्क इतकं लावतात की कधी भाड्याहून जास्त होतं. फ्रान्सची गाडी फ्रान्समध्ये परत द्या. स्पेनमध्ये हवी असेल तर तिथे नवी घ्या.

पंपावर सगळ्यात महाग चूक होते. फ्रान्समध्ये ‘गाझोल’ म्हणजे डिझेल. नाव गॅसोलिनसारखं वाटलं म्हणून पेट्रोलच्या गाडीत भरलं जातं. स्पेनमध्ये ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गासोलेओ’ म्हणजे डिझेल. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तिथला फोटो मोबाइलमध्ये ठेवा. चुकीचं भरलंच, तर इंजिन सुरू करू नका. सुरू न करता टाकी रिकामी करून घेतली तर खर्च आटोक्यात राहतो.

फ्रान्सच्या खेड्यांत, पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो गल्लीतून येत असला तरी. पांढऱ्या काठाची, हिऱ्याच्या आकाराची पिवळी पाटी दिसली की तुमचा रस्ता मुख्य. गोल चौकात मात्र आत असलेला, म्हणजे डावीकडून येणारा आधी. गावात वेग ५०, गावाबाहेर दुभाजक नसलेल्या दुहेरी रस्त्यावर बहुतेक ठिकाणी ८०, स्पेनमध्ये तशाच रस्त्यावर ९०. कॅमेरे पुष्कळ आहेत आणि दंड घरी, नागपूरला, भाड्याच्या कंपनीच्या शुल्कासह येतो.

आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडं नाही. तिकडे खायचं काय?
– प्रतापनगर

हा भाग बदकाचा आणि डुकराचा आहे, हे आधी मान्य करून जावं. पण उपाशी राहायची वेळ येत नाही. कुठे काय लपलेलं असतं, ते माहीत हवं.

सार्लाच्या नावाचे बटाटे, लसूण घालून परतलेले, यादीत निरुपद्रवी दिसतात. ते बदकाच्या चरबीत तळतात. तिथले नुसते फ्राइजही काही ठिकाणी त्याच चरबीत असतात. बीन्सच्या आणि भाज्यांच्या सूपमध्ये, विशेषतः ‘गारब्यूर’मध्ये, मांसाचा रस असतोच. सॅलडवर ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, टाकतात आणि वेटरच्या लेखी ते मांसात मोजले जात नाहीत. स्पेनमध्ये ‘व्हेहेताल’ नावाच्या सँडविचमध्ये ट्यूना मासा आणि अंडं असतं. ‘एन्सालादा मिक्स्ता’, म्हणजे मिश्र सॅलडवर, ट्यूना येतो. ‘क्रोकेता’, म्हणजे तळलेले छोटे रोल, बहुधा हॅमचे. तोलोसाचे काळे राजमे प्रसिद्ध आहेत, पण ते डुकराच्या सॉसेजसोबत शिजतात. बटाट्याच्या ‘तोर्तिया’त अंडं असतं.

म्हणून ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून काम होत नाही, वस्तूंची नावं घ्यावी लागतात. फ्रान्समध्ये: सां व्यांद, सां प्वासों, सां जांबों, सां ग्रेस द कनार. म्हणजे मांस, मासे, हॅम आणि बदकाची चरबी नको. अंड्यासाठी सां झ्यो. स्पेनमध्ये: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन उएव्हो. चिठ्ठीवर लिहून स्वयंपाकघरात पाठवा. बोलण्यापेक्षा चिठ्ठी चांगली पोचते.

निर्धास्त खाण्यासारखंही बरंच आहे. बाजारातली ताजी भाकरीसारखी खरपूस पावरोटी, दोर्दोन्यचे अक्रोड आणि त्यांचं तेल, टोमॅटो, चेरी. स्पेनमध्ये तेलात परतून वर जाडं मीठ घातलेल्या गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या. तिखट नसतात, आपल्या भज्याच्या मिरचीची आठवण देतात. मेंढीच्या दुधाचं चीज सगळीकडे मिळतं. पण इदियासाबाल चीजसाठी दूध जमवायला कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीज सरळ टाळावं. बास्क केकमध्ये अंडं असतं.

मिरचीवर प्रेम असेल तर एस्पलेत बघाच. गावाच्या नावाच्या मिरचीला २००० साली फ्रान्सचा भौगोलिक दर्जा मिळाला. शरद ऋतूत घरांच्या पांढऱ्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत घालतात. मेमध्ये त्या माळा नसतात, पूड मिळते. भिवापुरी मिरचीच्या तुलनेत ती सौम्य आणि थोडी गोडसर आहे. भाजीत घालून तिखटाची अपेक्षा करू नका, वरून भुरभुरवा.

वेळा सांभाळा. फ्रान्सच्या गावांत जेवण बारा ते दोन, आणि दोनला स्वयंपाकघर खरोखर बंद होतं. स्पेनमध्ये दीड ते साडेतीन, आणि रात्री साडेआठच्या आधी जेवण नाही. आँदायहून निघून तासाभरात पलीकडे पोचलात की भुकेचं घड्याळ दीड तास पुढे सरकवायचं. रविवारी दुपारी आणि सोमवारी लहान गावांत दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी दोन दिवसांचं सामान घरात हवं.

घरून काय नेता येतं? तूप, संत्रा बर्फी, संत्री?
– सक्करदरा

तिन्ही नाही. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याची संत्रा बर्फी सगळं त्यात येतं. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना आहे. म्हणून नागपुरी संत्रं भेट द्यायची इच्छा इथेच सोडून जा.

मसाले, भाजलेला रवा, पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, डाळी पॅक करून नेता येतात. मुक्कामी स्वयंपाकघर असेल तर शेगडी बहुधा इंडक्शन असते आणि अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. स्टीलचा, इंडक्शनचं चिन्ह असलेला दोन लिटरचा कुकर नेला तर वरण-भात होतो.

व्हिसा फ्रान्सचा काढायचा की स्पेनचा?
– वर्धा रोड

एकच शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो; जिथे जास्त रात्री, त्या देशाकडून काढायचा. रात्री समसमान असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवाल त्याचा. वरच्या आखणीत नऊ विरुद्ध चार, म्हणून फ्रान्सचा. तारीख लवकर मिळते म्हणून दुसऱ्या देशाकडे अर्ज करणं आणि नंतर बुकिंग फिरवणं हे नकाराचं सरळ कारण ठरतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवस आधीपर्यंतच चालतो. मेसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट बघा, कारण मार्चनंतर सगळ्यांना मेच हवा असतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. त्यावर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि परतीच्या दिवसापर्यंतचा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं; मुंबईची सकाळची वेळ घेतली तर रात्रीच्या दुरांतोने पोचता येतं, पण गाडी उशिरा आली तर अपॉइंटमेंट जाते. अकरानंतरची वेळ निवडा.

गुहाचित्रं बघायची आहेत. भीमबेटका झालं, आता लास्को आणि आल्तामिरा. खऱ्या गुहेत सोडतात का?
– रामदासपेठ

फ्रान्समधल्या लास्कोच्या नाही. ती १९४० मध्ये सापडली आणि माणसांच्या श्वासाने भिंतींवर शेवाळ येऊ लागलं म्हणून १९६३ मध्ये बंद झाली. गुहेजवळच्या माँतिन्याकला २०१६ च्या शेवटी उघडलेली पूर्ण प्रतिकृती आहे. वेळ ठरवून मिळणारं तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि इंग्रजी मार्गदर्शक असलेली फेरी निवडा. स्पेनमधल्या आल्तामिराचीही प्रतिकृतीच बघायची, सान्तियाना देल मारजवळ, सोमवारी बंद.

खरे रंग खऱ्या दगडावर बघायचे असतील तर दोन जागा आहेत. लेझेझीजवळची फाँ-द-गोम, सार्लापासून अर्ध्या तासावर, आणि स्पेनमध्ये पुएन्ते व्हिएस्गोची एल कास्तियो. दोन्हीकडे रोज मोजकेच लोक सोडतात. या दोन्हींची तिकिटं विमानाच्या तिकिटाइतकीच लवकर बघा, आणि मिळालेल्या तारखेनुसार बाकीचे दिवस हलवा. आत बारा-तेरा अंशांचा गारवा असतो, मेमध्येही स्वेटर लागतो.

सँ-जाँ-पिए-द-पोरहून स्पेनमध्ये चालत जातात म्हणे. एक दिवस जमेल का? रोज फुटाळ्याला पाच किलोमीटर चालतो.
– भरतनगर

रोजचे पाच किलोमीटर पुरत नाहीत. ही सान्तियागोच्या पायी यात्रेची वाट आहे. स्पेनमधल्या रोन्सेसव्हालेसपर्यंत सुमारे २५ किलोमीटर आहेत, आणि १७० मीटर उंचीवरून १४०० मीटरच्या वर चढून मग साडेनऊशेवर उतरायचं असतं. चढ पहिल्या आठ किलोमीटरमध्ये सगळ्यात उभा. निम्मे लोक चढताना दमतात, गुडघे मात्र शेवटच्या चार किलोमीटरच्या उतारात जातात. डोंगरमाथ्यावर मेमध्येही दाट धुकं उतरतं. हा वरचा रस्ता १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असतो. इतर दिवशीही हवा वाईट असेल तर व्हाल्कार्लोसच्या खालच्या रस्त्याने पाठवतात. सकाळी गावातल्या यात्रेकरूंच्या कार्यालयात विचारूनच निघायचं.

तुमच्यासाठी ओरिसोनच्या विश्रामगृहापर्यंत आठ किलोमीटर चढा, तिथे चहा-सूप घ्या आणि त्याच वाटेने खाली या. दरी तिथून पूर्ण दिसते. निघण्याआधी तीन महिने आठवड्यातून दोनदा सेमिनरी हिल्सचा चढ, पाठीवर पाच किलो वजन घेऊन. बूट नवे नेऊ नका. किमान शंभर किलोमीटर वापरलेले हवेत. पूर्ण वाट चालणाऱ्यांचं सामान पुढे पोचवणाऱ्या गाड्या तिथे रोज सकाळी निघतात, बॅग आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावी लागते. संध्याकाळी बायोनला परत जाणाऱ्या गाड्या दिवसात मोजक्याच असतात, शेवटची कोणती ते सकाळी उतरल्याबरोबर स्टेशनवर बघून घ्या.